नव्या ब्राउझरातला कंडक्टर

संगणक सुरू केला की ब्राउझरच्या माथ्यावर एक पिवळी पट्टी यायची. या संगणकासाठी यापुढे अपडेट मिळणार नाहीत, असं तिच्यावर लिहिलेलं असायचं आणि उजव्या टोकाला बारीकशी फुली असायची. फुली दाबली की पट्टी जायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची. आम्हा दोघांनाही तिची सवय झाली होती. बायको म्हणायची, "येऊ दे हो. दारावर येतं नि जातं. चहा तर मागत नाही."

गेल्या हिवाळ्यात बायको गेली. पट्टी येत राहिली. फुली दाबायचं काम तिचं होतं, ते माझ्याकडे आलं.

मी साताऱ्याच्या एका शाळेत भूगोल शिकवत होतो. बायको जतच्या पलीकडची, अगदी सीमेवरच्या गावातली. तिच्या घरात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषा होत्या, आणि त्यांची वाटणीही ठरलेली होती. मराठी पाहुण्यांसाठी आणि कन्नड घरच्यांसाठी. जावई हा जन्मभराचा पाहुणा, त्यामुळे माझ्याशी सगळे मराठीत बोलत, आणि माझ्याबद्दल बोलायचं असलं की कन्नडमध्ये. मी सोप्यात बसलेलो असताना आत बायकांचं बोलणं एकाएकी भाषा बदलायचं. मग मी समजून जायचो की आता माझ्या जेवणाचा, वाळलेल्या अंगाचा किंवा मला द्यायच्या टोपी-टॉवेलाचा विषय निघाला आहे. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटायचं. आपल्याबद्दल कोणी आपल्यासमोर इतक्या मोकळेपणानं बोलतं आहे आणि आपल्याला त्याचं उत्तर द्यावं लागत नाही, ही मोठी सोय असते. कन्नड शिकलो असतो तर ती सोय गेली असती.

निवृत्तीनंतर आम्ही सांगलीत आलो. विश्रामबागेत पहिल्या मजल्यावर घर घेतलं. तिची थोरली बहीण, जिला सगळे अक्का म्हणतात, तिकडे गावाकडेच होती. सांगलीहून तिच्याकडे जाणं सोपं होतं, हे एक कारण. रोज सकाळी मी फिरून येईपर्यंत दोघी बहिणींचा फोन चाललेला असायचा. मी आल्यावरही तो थांबत नसे. मी चपला काढून पेपर उघडायचो आणि ते कन्नड माझ्या डोक्यावरून नदीसारखं वाहत राहायचं. मधूनमधून दोघी खदखदून हसायच्या.

दुपारी चहा झाला की आमचं वाचन असे. एका कन्नड नियतकालिकाच्या संकेतस्थळावर कोणाची तरी मोठी कादंबरी भागाभागानं टाकलेली होती. बायको संगणकापुढे बसायची, मी मागे दिवाणावर. ती एक परिच्छेद मनात वाचायची आणि मग तो मला मराठीत सांगायची. पडद्यावरची ती गोल अक्षरं मी लांबून बघायचो. एकदा म्हणालो, सगळी सारखीच दिसतात. ती म्हणाली, "आमची अक्षरं जेवून उठलेली असतात. तुमची बिचारी उपाशी, वर दोरीला लटकलेली."

कादंबरी एका खानावळवालीची होती. उत्तर कर्नाटकातलं कुठलं तरी लहान गाव, बसस्टँडसमोर पत्र्याची खानावळ, आणि ती चालवणारी एकटी बाई. तिच्याकडे दुपारी जेवायला एक निवृत्त कंडक्टर यायचा. तो मला फार आवडायचा. ताट पुढे आलं की चव न बघता तो आधी मीठ मागायचा. भाकरीचा करपलेला काठ मोडून एका बाजूला ठेवायचा, जणू पुरावा म्हणून. आमटी पातळ झाली की म्हणायचा, "आज आमटीत तळ दिसतोय, बाई. नाणं टाकलं तर सापडेल." कोणी कुठल्याही गावाचं नाव काढलं की ते इथून किती लांब आहे आणि वाटेत कोणतं गाव लागतं हे न विचारताच सांगायचा. खानावळवाली त्याला मास्तर म्हणायची. एसटीतही कंडक्टरला मास्तर म्हणतातच, तेव्हा मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

"काय खमंग माणूस लिहिलाय," मी म्हणायचो.

"हो ना," ती म्हणायची आणि माउस फिरवत राहायची.

ही कादंबरी पुष्कळ महिने चालली. एका खानावळीवर लेखकानं इतकं कसं लिहिलं असेल याचं मला नवल वाटायचं. शेवटच्या दिवसांत तिच्या छातीचं दुखणं वाढलं. वाचताना ती मध्येच थांबायची, तेव्हा मला वाटायचं की योग्य शब्द शोधते आहे. आमचं वाचन थांबलं ते अशा ठिकाणी, की कंडक्टर काही दिवसांपासून जेवायलाच आलेला नाही. का आला नाही ते कोणाला माहीत नाही. खानावळवाली रोज दुपारी त्याचं ताट वाढते, झाकून ठेवते आणि गिऱ्हाइकांना सांगते की तो कोपरा रिकामा ठेवा. त्यानंतर आम्ही मिरजेला दवाखान्यात गेलो.

तो परत येतो का, हे मी तिला विचारलं नाही. घरी आल्यावर कळेलच असं वाटलं होतं.

तिचे दिवस झाले, माणसं आपापल्या गावी गेली, आणि एका दुपारी चहा झाल्यावर मी संगणक सुरू केला. ब्राउझर बंद करताना जी पानं उघडी असतील ती पुन्हा उघडून द्यायची त्याची सवय होती. पट्टी आली. पट्टीखाली तिची पानं ओळीनं आली: भाकरीच्या पिठाचं काहीतरी, एका औषधाची माहिती, आणि ती कादंबरी. मी कादंबरीवर गेलो. पान पांढरं होतं. वर शीर्षकाची गोल अक्षरं तेवढी दिसत होती आणि खाली काही नाही. पुन्हा उघडून बघितलं. सुरक्षित जोडणी होऊ शकत नाही, असं काहीसं आलं.

मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. तरी पान गेलं तेव्हा हातातून पुस्तक काढून घेतल्यासारखं झालं.

मुलगी पुण्याला असते. तिला फोन केला.

"बाबा, त्यांनी साइट नवी केली असणार. तुमच्या ब्राउझरला ती झेपत नाही. म्हातारा झालाय तो."

"मी काय तरुण आहे?"

"तुम्ही औषधं तरी बदलून घेता. त्यानं कितीतरी वर्षांत काही घेतलेलं नाही. तुमची मशीन जुनी, म्हणून त्याला अपडेटही मिळत नाहीत. मी येऊन डिस्क बदलते, सगळं नवं टाकते. नवा ब्राउझर घालू."

"आणि आईची पानं?"

"पत्ते लिहून घेऊ ना. पानं कुठं जात नाहीत, बाबा, ती तिकडेच असतात." मग जरा थांबून, आवाज थोडा उजळवून ती म्हणाली, "आणि ऐका, नवा ब्राउझर भाषांतर करतो. कन्नडचं मराठी. एक बटण दाबायचं. तुम्हाला राहिलेलं वाचता येईल!"

मला आनंद होईल असं तिला वाटलं होतं. मी बघतो म्हणालो आणि फोन ठेवला.

बघायला मला तीन-चार महिने लागले. मुलगी दर रविवारी विचारायची, मी दर रविवारी काहीतरी सांगायचो. उन्हाळा संपू दे. पावसात नको, वीज जाते. ती म्हणायची, असा ब्राउझर वापरणं म्हणजे दाराला कडी न लावता झोपणं आहे. मी म्हणायचो, आपल्याकडे नेण्यासारखं काय आहे? खरं कारण मला तिला सांगता येत नव्हतं, कारण ते मलाच नीट सापडत नव्हतं.

मी आयुष्यभर भाषांतरं वाचत आलो. बंगाली कादंबऱ्या वाचल्या, रशियन वाचल्या, आणि भाषांतर करणाऱ्याचं नाव क्वचितच लक्षात ठेवलं. त्याचा आवाज म्हणजेच लेखकाचा आवाज असं धरून चाललो. मग या एका कादंबरीनं असं काय केलं होतं? विचार करताना एवढंच कळलं की या कादंबरीचं मराठी कुठे लिहिलेलंच नव्हतं. ते दुपारी तयार व्हायचं आणि दुपारीच संपायचं. त्याची उरलेली एकच प्रत माझ्याजवळ होती, आणि तीही ऐकलेली. आता त्या कादंबरीचं पुढचं मराठी कोणी दुसऱ्यानं सांगितलं असतं, तर पहिलं मराठी माझ्या डोक्यात टिकलं असतं का? एखादं घर मनात आहे तसं राहावं म्हणून माणसं त्या गल्लीत पुन्हा जात नाहीत. मीही ब्राउझर न बदलून तेच करत होतो. पान पांढरं होतं, तोवर कंडक्टर परत येऊ शकत होता.

पण जुलैच्या सुमाराला एक गोष्ट झाली. काही कामासाठी मी साताऱ्याला गेलो होतो. परतताना कराडला उतरून स्टँडजवळच्या एका खानावळीत जेवायला बसलो. पलीकडच्या टेबलावर कोणासाठी तरी एक ताट झाकून ठेवलेलं होतं. त्यावर स्टीलची परात पालथी घातली होती. ते बघून मी आपल्या खानावळवालीनं ताट कशानं झाकलं होतं ते आठवायला लागलो. बायकोनं ते सांगितलं होतं, नक्की सांगितलं होतं, दोन-तीन वाक्यं त्यावर होती आणि त्यांत काहीतरी हसण्यासारखंही होतं. मला काही केल्या आठवेना. दुसरं ताट होतं? केळीचं पान? धुतलेलं फडकं? भाजी निवून गेली आणि मी तसाच बसून राहिलो. वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, "काय कमी हाय का, काका?"

न वाचता ठेवलं तर जसंच्या तसं राहील, हा माझा समज होता. ते तसं राहत नव्हतं. आतल्या आत झिजत होतं. एसटीत बसल्यावरच मी मुलीला फोन करून सांगितलं, ये आणि बदल.

ती शनिवारी आली. काम सुरू करण्याआधी तिनं जुना ब्राउझर उघडला आणि आईची सगळी पानं ज्या क्रमानं होती त्या क्रमानं त्यांचे मोबाइलवर फोटो काढून घेतले. मी तिला तसं सांगितलेलं नव्हतं. मग तिनं डिस्क काढली, दुसरी बसवली, आणि संध्याकाळपर्यंत संगणक परका झाला. नवा ब्राउझर झटकन उघडायचा. पट्टी नाही, जुनं काही नाही. आधी कोणी इथं बसत होतं याची त्याला काही खबर नव्हती.

मुलीनं कादंबरी शोधून दिली. पान आलं, भरलेलं, काळ्या अक्षरांनी गच्च. वर एक लहानशी चौकट आली: हे पान कन्नडमध्ये आहे, मराठीत भाषांतर करायचं का?

"करू?" तिनं विचारलं.

"तू जा. चहा टाक."

ती उठून गेल्यावर मी बटण दाबलं. ओळी थरथरल्या आणि एकेक करून मराठी झाल्या. पहिलं वाक्य मी अजून विसरलेलो नाही. 'सकाळी उठून तिने भाकऱ्यांना मारहाण केली.' आमच्याकडेही भाकरी बडवतात, म्हणून मला अर्थ लागला, आणि मी एकटाच मोठ्यानं हसलो. बायको गेल्यापासून त्या खोलीत तसा हसलो नव्हतो. क्षणभर वाटलं, जमेल. वेडंवाकडं असेना, यातून वाट काढता येईल.

मी कंडक्टर शोधायला लागलो. झाकलेलं ताट, रिकामा कोपरा. एक भाग, दुसरा, तिसरा. खानावळवालीचा भाऊ होता, जागेवरून त्याच्याशी चाललेलं भांडण होतं, वकील होता, तालुक्याच्या गावाच्या खेपा होत्या. कंडक्टर नव्हता. शेवटाकडून मागे येत येत मी अगदी सुरुवातीच्या भागांपर्यंत गेलो. तिथे तो सापडला. 'कंडक्टर जेवला. त्याने हात धुतले. तो कमी बोलत असे.' त्याच्यापुढच्याच भागात तो हुबळीला मुलाकडे राहायला गेला होता. 'यानंतर कंडक्टर त्या गावात आला नाही.' बस, एवढंच.

मीठ नव्हतं, करपलेला काठ नव्हता, आमटीतलं नाणं नव्हतं.

मी मुलीला हाक मारली. "हा ब्राउझर गाळून वाचतो का गं?"

"म्हणजे?"

"म्हणजे अवघड आलं की सोडून देतो का? यात एक माणूसच नाहीये."

तिनं माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं. "तो चुकतो, बाबा. भरपूर चुकतो. पण आख्खा माणूस नाही गाळत."

"जुनाच बरा होता."

"जुन्यात हे पान उघडत नव्हतं!"

"म्हणूनच," मी म्हणालो. ती हसली नाही. माझ्याजवळ खुर्ची ओढून बसली. आई वाचायची तेव्हा तू कधी ऐकलंस का, असं मी तिला विचारलं. "नाही," ती म्हणाली, "तेव्हा मी पुण्यातच होते."

रविवारी ती गेली. मी आठवडाभर त्या कादंबरीत हिंडत राहिलो. माझा संशय जात नव्हता. कधी वाटे ही दुसरीच आवृत्ती आहे, कधी वाटे साइट नवी करताना त्यांनी भाग वगळले असतील. शेवटी ठरवलं की कन्नड वाचणाऱ्या डोळ्यांनी हे बघायला हवं. अक्कांना फोन केला. मोतीबिंदूच्या तपासणीसाठी त्यांना सांगलीला यायचंच होतं. आल्या की बघते म्हणाल्या.

अक्का सातवीपर्यंत कन्नड शाळेत शिकलेल्या आहेत. मला त्या पाव्हणं म्हणतात, माझ्या लग्नापासून. दवाखान्यातून थेट आल्या, काळा चष्मा काढून दुसरा लावला, बायकोच्या खुर्चीवर बसल्या. मी भाषांतर बंद केलं. गोल अक्षरं परत आली. अक्का बोट पडद्यावर टेकवत, ओठ हलवत वाचायला लागल्या. मी मागे दिवाणावर बसलो.

"आवं पाव्हणं, ह्यात कुटं हाय तुमचा कंडक्टर? गेला की ह्यो लेकाकडं."

"पुढं बघा. खानावळीत येतो परत. बरंच येतो."

"न्हाई बा. फुडं समदी जागंचीच भांडणं हायती."

"अक्का, मी स्वतः ऐकलंय. तो मीठ मागायचा. आमटीला नावं ठेवायचा. कुठलं गाव किती लांब ते सांगायचा. ती मला रोज हेच वाचून दाखवत होती."

अक्कांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे वळून बघितलं. आधी त्यांना माझं बोलणं कळलं नाही असं वाटलं. मग त्यांनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या. हसता हसता त्यांचे खांदे हलायला लागले आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते कुठलं पाणी होतं ते मला सांगता येत नाही.

"तुमाला खरंच ठावं न्हाई?"

"काय?"

"रोज सकाळी फोन कशापायी करायची ती? 'अक्का, आज कंडक्टरला काय बोलाय लावू?' तुमी तितंच बसलेलं असायचा की, पेपर घिऊन!"

मी दिवाणाच्या कडेला सरकून बसलो.

"त्यो मिठाचा किस्सा माजा हाय," अक्का म्हणाल्या. "तुमी नवं नवं जावई आमच्यात जेवाय बसला, आन् चव न बगता मीठ मागितलं. आमच्या आईचं तोंड असं झालं हुतं! त्येच घातलं तिनं. आन् गावं मोजायचं, त्ये तर काय, तुमचंच."

मास्तर. मी इतकी वर्षं मुलांना नकाशावर अंतरं मोजायला लावली होती, आणि घरीही तेच करत होतो. आणि कितीतरी दुपारी त्या माणसावर खळखळून हसलो होतो. माझ्यासमोर, माझ्याबद्दल, आपसांत ठरवून, नेहमीसारखं कन्नडमध्ये. आणि मग तेच मराठीत करून मला ऐकवलं जात होतं.

"पण का?" मी विचारलं.

"का म्हंजे? तुमीच म्हणला हुता म्हणं. त्यो कंडक्टर लेकाकडं गेला तवा. ह्यो गेला, आता ह्या गोष्टीत मजा न्हाई. मग ती म्हणली, ऱ्हाऊ दे, मी न्हाई जाऊ देत त्याला."

असं मी म्हणालो असेन. मला आठवत नाही. तो मुलाकडे गेल्याचंही आठवत नाही. जेवताना, उठताना माणूस काहीतरी बोलतो. तेवढ्यावर तिनं एका माणसाला कितीतरी महिने त्या खानावळीत धरून ठेवलं होतं. लेखकानं ज्याला मुलाकडे पाठवून दिलं होतं, त्याला ती रोज दुपारी ताट वाढत होती.

मला आता एकच गोष्ट विचारायची होती, आणि ती विचारायला मला वेळ लागला. अक्का पाणी प्यायल्या. मी उठून पंखा कमी केला.

"अक्का, शेवटी तो यायचा बंद झाला होता. ती नुसतं ताट झाकून ठेवायची. ते का केलं होतं?"

अक्कांनी हातातला चष्मा पदराला पुसला. त्यांचं हसू गेलेलं होतं.

"दम लागायचा तिला. बोलून बोलून लय दमायची. मला म्हणली, 'अक्का, कंडक्टर बोलाय लागला की मला श्वास पुरंना. चार दिस त्याला गावाला धाडते. बरी झाले की आनते.'"

"आणायचाच होता?"

"आनायचाच हुता की! काय काय बोलायचा आल्यावर त्येबी ठरवाय लागली हुती."

"काय बोलणार होता?"

"त्ये न्हाई सांगितलं. मग मिरजंला न्हेलं तिला."

बाहेर रस्त्यावरून विटांची गाडी गेली आणि खिडकीची काच थरथरली. मी तिकडे बघत राहिलो. त्या दिवसांत ती वाचताना थांबायची आणि मला वाटायचं, शब्द शोधते आहे. ती श्वास शोधत होती. कंडक्टर कुठे गेला याची मला चुटपुट लागली होती आणि तो माझ्यासमोरच, तिच्या छातीत अडकून बसला होता. हे तेव्हा कळलं असतं तर मी म्हणालो असतो, अगं पुरे, नको वाचूस. मग तेवढंही ऐकायला मिळालं नसतं. कोणतं बरं झालं असतं हे मला आजही ठरवता येत नाही.

अक्कांच्या हातून माउस हलला असेल. पडद्यावर पुन्हा ती चौकट आली: या पानाचं भाषांतर करायचं का? मी पुढे होऊन चौकटीच्या कोपऱ्यातले ठिपके दाबले. त्यात आणखी पर्याय होते. एक होता, कन्नडचे भाषांतर कधीही करू नका. मी तो निवडला. नव्या ब्राउझरनं निमूटपणे ऐकलं आणि चौकट मिटली. त्याच्यावर माझा राग राहिला नव्हता. त्यानं काही गाळलेलं नव्हतं. पानावर जे होतं ते त्यानं दाखवलं, आणि तो नसता तर मी त्या पांढऱ्या पानासमोरच बसून राहिलो असतो. मुलीला रात्रीच्या फोनवर सांगायचं ठरवलं की ब्राउझर चांगला आहे, ठेवू या.

"का बंद केलं त्ये?" अक्कांनी विचारलं.

"तुम्ही आहात ना."

"मी कुटं रोज हाय? आज हाय, उद्या सकाळच्या गाडीनं चालले." असं म्हणत त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि खुर्ची पुढे ओढली. "वाचू का मग? खरंखुरं लिवलंय त्ये?"

"वाचा. आहे तसंच वाचा."

अक्कांचं वाचणं बायकोसारखं नव्हतं. त्या परिच्छेद मनात वाचत नसत, एकेक ओळ मोठ्यानं कन्नडमध्ये म्हणत आणि मग तिचं सार आपल्या बोलीत टाकून देत. खानावळवालीच्या भावावर त्यांचा पहिल्या पानापासूनच राग बसला. "ह्यो लय बारा बोड्याचा हाय," असं त्या मध्येच म्हणाल्या, आणि हे पुस्तकातलं की त्यांचं, ते मी विचारलं नाही. वकिलाकडची खेप आली, तलाठी आला, बाई रिकाम्या हातानं परत आली. खानावळ दोन दिवस बंद होती ती तिनं उघडली. चूल पेटवली.

अक्का थांबल्या. पडद्याकडे बघतच म्हणाल्या, "पाव्हणं, हिच्याकडं जेवाय कोनच येईना झालंय. आनू का त्याला?"

मी विचार केला. तो आल्यावर काय बोलेल, हे मला सुचत होतं. पहिलं वाक्य तर तयारच होतं.

"राहू दे," मी म्हणालो. "अजून थोडे दिवस असू दे गावाला."

"बरं," अक्का म्हणाल्या आणि बोट पुढच्या ओळीवर ठेवून वाचायला लागल्या.